रिसीव्हरवर सराउंड मोड कसा निवडावा: आधी सिग्नल बघा, मग बटण दाबा

सिनेमा सुरू आहे, पडद्यावर कुणीतरी कुजबुजतंय आणि शब्द कळत नाहीत. आवाज वाढवावा तर पुढच्याच मिनिटाला स्फोट होतो आणि खिडक्यांची तावदानं हादरतात. मग हात रिमोटकडे जातो. मोडचं बटण दाबत गेलं की डिस्प्लेवर नावं सरकू लागतात: डॉल्बी सराउंड, न्यूरल:एक्स, मल्टी चॅनेल स्टीरिओ, जॅझ क्लब, डायरेक्ट. दहा-बारा नावांनंतर जो मोड जरा बरा वाटतो तो तसाच राहतो, कित्येक महिने, सिनेमालाही आणि गाण्यालाही.

यात चुकतं ते इतकंच की आपण रिसीव्हरमधून, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन स्पीकरांना वाटणाऱ्या यंत्रातून, बाहेर काय पडतंय तेच ऐकत बसतो आणि आत काय येतंय ते बघत नाही. योग्य मोड कोणता, हे निम्म्याहून जास्त आत येणाऱ्या सिग्नलवर ठरतं. उरलेलं तुमचे स्पीकर किती आणि कुठे आहेत यावर. आवडीनिवडीचा नंबर त्यानंतर लागतो.

सुरुवातीलाच एक अट सांगतो. स्पीकरची जागा, अंतर आणि पातळी आधी नीट लावलेली हवी. रिसीव्हरसोबत आलेला माइक बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून ऑटो सेटअप एकदा चालवा. ५.१ मांडणीत (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) पुढचे दोन स्पीकर मध्यापासून साधारण ३० अंशांवर आणि सराउंड स्पीकर १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे हवेत. सराउंड स्पीकर टीव्हीच्याच भिंतीवर टांगलेले असतील तर कोणताही मोड त्यांना मागे नेऊ शकत नाही.

पहिली पायरी: आत काय येतंय?

रिमोटवर ‘इन्फो’ किंवा ‘स्टेटस’ असं बटण असतं. नसेल तर मेनूमध्ये ‘इन्फर्मेशन’ आणि त्याखाली ‘ऑडिओ’ शोधा. तिथे आत येणाऱ्या सिग्नलचं नाव, त्यातली चॅनेल्स आणि सध्या लागलेला मोड, असं तिन्ही एकत्र दिसतं. हे पान उघडायची सवय लावून घ्या. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

सिनेमा ५.१ चा आहे अशी तुमची खात्री आहे, पण पानावर ‘पीसीएम’ (आधीच उलगडलेला साधा डिजिटल आवाज) आणि फक्त दोन चॅनेल्स दिसतायत, असं फार वेळा होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अशा वेळी मोड बदलत बसण्यात अर्थ नसतो. खरा सराउंड वाटेत कुठेतरी गळलेला असतो आणि ती जागा शोधावी लागते.

सगळ्यात आधी टीव्हीची सेटिंग बघा. ‘डिजिटल ऑडिओ आउटपुट’ या पर्यायात ‘पीसीएम’ निवडलेलं असलं, तर टीव्ही बहुतेक वेळा सगळा आवाज दोन चॅनेल्समध्ये उतरवून पुढे पाठवतो. यात मागचे आवाज तर पुढच्यांत मिसळतातच, शिवाय डॉल्बी डिजिटलचा आवाज असा उतरवताना एलएफई, म्हणजे ‘.१’ हे सबवूफरसाठी राखलेलं चॅनेल, सहसा वगळलंच जातं. स्फोट पोकळ वाटतात त्यामागे अनेकदा हेच असतं आणि आपण दोष सबवूफरला देतो. इथे ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ निवडा, म्हणजे मूळ आवाज न उलगडता रिसीव्हरकडे जाईल. टीव्हीला जोडलेला बॉक्स किंवा डिस्क प्लेअर असेल तर त्याच्या मेनूतही हीच सेटिंग स्वतंत्रपणे असते, तीही तपासा. ब्लू-रे प्लेअरमध्ये ‘सेकंडरी ऑडिओ’ नावाचा पर्याय बंद ठेवा. तो चालू असला की मेनूचे टिकटिक आवाज मिसळण्यासाठी प्लेअर मूळ ट्रॅक स्वतः उलगडतो आणि साध्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये पुन्हा बांधून पाठवतो. डिस्कवरचा पूर्ण दर्जाचा ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ मग रिसीव्हरपर्यंत पोचतच नाही.

नंतर केबल. ऑप्टिकल केबलमधून दोन चॅनेल्सचा पीसीएम किंवा ५.१ चा डॉल्बी डिजिटल अथवा डीटीएस जातो, त्याहून जास्त काही नाही. स्ट्रीमिंग सेवा ज्या डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये ॲटमॉस, म्हणजे उंचीचे आवाजही असलेला सराउंड, देतात, तो त्या वाटेने येत नाही. टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरकडे आणणाऱ्या एआरसी जोडणीतून डॉल्बी डिजिटल प्लस आणि त्यातला ॲटमॉस येऊ शकतो. ट्रूएचडीसारखे पूर्ण दर्जाचे प्रकार आणि अनेक चॅनेल्सचा पीसीएम टीव्हीमार्फत हवा असेल तर टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींवर ईएआरसी, म्हणजे एआरसीची पुढची आवृत्ती, लागतं. ते नसेल तर प्लेअर थेट रिसीव्हरला जोडा आणि रिसीव्हरमधून टीव्हीला फक्त चित्र न्या.

तिसरी गळती ॲपमध्येच असते. एकाच सिनेमाचा मूळ भाषेतला ट्रॅक ५.१ आणि डब केलेला ट्रॅक निव्वळ स्टीरिओ, असं पुष्कळदा आढळतं. भाषा बदलून इन्फोचं पान पुन्हा बघा, लगेच कळेल.

या तीन गळत्यांच्या उलटाही एक चकवा आहे आणि तो ओळखायला जास्त अवघड. काही बॉक्सवर ध्वनी कायम ५.१ किंवा बहुचॅनेल पीसीएममध्ये पाठवण्याची सेटिंग असते. मग कार्यक्रम स्टीरिओ असला तरी रिसीव्हरला ५.१ चं पाकीट मिळतं, आत मात्र चार चॅनेल्स रिकामी. रिसीव्हर पाकिटावर विश्वास ठेवतो, म्हणून आवाज पसरवणारा मोड लावूनही मागचे स्पीकर गप्पच राहतात. अशा बॉक्सवर ‘ऑटो’ निवडा, म्हणजे स्टीरिओ हा स्टीरिओ म्हणूनच येईल आणि त्याचं काय करायचं ते रिसीव्हरला ठरवता येईल.

गेम कन्सोल बहुतेक वेळा आवाज स्वतः उलगडून बहुचॅनेल पीसीएम देतात. डिस्प्लेवर तेव्हा ‘मल्टी चॅनेल इन’ असं काही दिसतं, डॉल्बीचं नाव दिसत नाही. त्यात काळजीचं काही नाही, ५.१ किंवा ७.१ जसंच्या तसं येतं. ॲटमॉसमधली उंचीची माहिती मात्र साध्या पीसीएममध्ये राहत नाही, तिच्यासाठी कन्सोलवर बिटस्ट्रीम किंवा ॲटमॉसचा पर्याय निवडावा लागतो.

मोडची चार घराणी

कंपन्या नावं काहीही देवोत, यादीतला प्रत्येक मोड चारपैकी एक काम करतो.

पहिलं घराणं ‘आहे तसं’ वाजवणाऱ्यांचं. जितकी चॅनेल्स आत, तितकीच बाहेर. यामाहावर याला ‘स्ट्रेट’ म्हणतात, सोनीवर ‘ए.एफ.डी.’, डेनॉन आणि मरांट्झवर ‘ऑटो’ किंवा ‘डायरेक्ट’. डिस्प्लेवर नुसतं ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डीटीएस’ दिसत असेल आणि पुढे काही जोडलेलं नसेल, तर तेही हेच.

दुसरं घराणं अपमिक्सरचं. कमी चॅनेल्स घेऊन जास्त स्पीकरांवर विचारपूर्वक पसरवायची. डॉल्बी सराउंड, डीटीएस न्यूरल:एक्स, ऑरो-मॅटिक ही आजची नावं. जुन्या रिसीव्हरवर प्रो लॉजिक टू आणि निओ:६ भेटतील.

तिसरं घराणं सगळीकडे तेच वाजवणाऱ्यांचं: मल्टी चॅनेल स्टीरिओ, ऑल चॅनेल स्टीरिओ. इथे कसलाही विचार नसतो, डावं डावीकडच्या सगळ्या स्पीकरांना आणि उजवं उजवीकडच्यांना. घरभर माणसं फिरतायत आणि प्रत्येक कोपऱ्यात सारखा आवाज हवाय, तेव्हा हा मोड उत्तम. एका जागी बसून ऐकायला लावू नका. पुढून येणारा गायक डोक्याच्या आत येऊन बसतो.

चौथं घराणं सभागृहांचं: हॉल, स्टेडियम, जॅझ क्लब. त्यांच्याकडे नंतर येऊ.

सिनेमासाठी

सिग्नल ५.१ आणि तुमचे स्पीकरही ५.१ असतील तर ‘आहे तसं’ लावा आणि रिमोट खाली ठेवा. मिक्सिंग करणाऱ्यांनी पाऊस कुठल्या चॅनेलमध्ये ठेवायचा, दार कुठे आपटायचं, हे मोजून-मापून ठरवलेलं असतं. त्यात आपण भर घालण्याजोगं काही नसतं. अशा मांडणीत डॉल्बी सराउंड लावला तरी फरक ऐकू येणार नाही, कारण पसरवायला जादा स्पीकरच नाहीत.

स्पीकर ७.१ किंवा ५.१.२ (शेवटचा आकडा छताकडच्या स्पीकरांचा) आणि सिग्नल ५.१ असेल तर खरी निवड समोर येते. ‘आहे तसं’मध्ये मागचे किंवा छतावरचे जादा स्पीकर गप्प राहतील. डॉल्बी सराउंड सौम्य आहे: वातावरणाचे आवाज, म्हणजे वारा, गर्दी, पावसाचा पसारा, तेवढे वर-मागे नेतो आणि संवादांना सहसा धक्का लावत नाही. न्यूरल:एक्स जास्त धीट आहे. हेलिकॉप्टर, विमानं, वादळ यांत तो रंगत आणतो, पण कधी कधी वर जायला नको ते आवाजही वर नेतो. माझी निवड डॉल्बी सराउंड. मारधाडीच्या सिनेमांना न्यूरल:एक्स लावून बघावा, संवादप्रधान सिनेमांना नको.

सिग्नल डॉल्बी ॲटमॉस किंवा डीटीएस:एक्स असेल तर त्याच नावाचा मोड लावा, दुसरं काही नाही. या प्रकारांत काही आवाज ठरावीक चॅनेलला न बांधता खोलीतल्या जागेच्या माहितीसह येतात आणि तुमच्या स्पीकरांची मांडणी बघून रिसीव्हर ते वाटतो. ॲटमॉस थिएटरांत २०१२ मध्ये आला आणि घरच्या रिसीव्हरमध्ये २०१४ मध्ये. त्याआधीच्या रिसीव्हरला असा सिग्नल मिळाला तरी बिघडत नाही, त्यातला ५.१ किंवा ७.१ चा पाया तो वाजवतो.

दोनच चॅनेल्स आली तर

इथे थोडा इतिहास कामाला येतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून थिएटरांसाठी चार चॅनेल्स, डावं, मधलं, उजवं आणि सराउंड, दोन ट्रॅकमध्ये गुंफून फिल्मवर छापली जात. मधलं चॅनेल दोन्ही ट्रॅकमध्ये सारखं जाई आणि सराउंड दोन्हींत एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकातली लहर वर जाते तेव्हा दुसऱ्यातली खाली. त्या सिनेमांच्या व्हिडिओ आवृत्त्यांतही हेच दोन ट्रॅक आले. ती गुंफण घरी नीट उकलणारं प्रो लॉजिक १९८७ मध्ये निघालं. त्यात सराउंड एकच असे आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापलेला. २००० मध्ये आलेल्या प्रो लॉजिक टूने सराउंडचे दोन पूर्ण पल्ल्याचे चॅनेल्स केले आणि साध्या स्टीरिओवरही ते चांगलं चालू लागलं.

आजचे अपमिक्सर त्याच वंशातले. दोन्ही चॅनेल्समध्ये सारखं असलेलं ते सेंटर स्पीकरला देतात, एकमेकांशी न जुळणारं मागे पाठवतात. हे एकदा लक्षात आलं की त्यांचं वागणं आधीच ओळखता येतं. जुना मोनो सिनेमा लावला तर दोन्ही चॅनेल्स तंतोतंत सारखी असतात, म्हणून सगळा आवाज सेंटरमधून येतो आणि बाकीचे स्पीकर गप्प होतात. तो बिघाड नाही, अगदी बरोबर उत्तर आहे: मोनो आवाज पडद्याच्या मधोमध. सेंटर स्पीकर फारच लहान असेल आणि आवाज कोंदट वाटत असेल, तर मोनोसाठी साधा ‘स्टीरिओ’ मोड लावा. दोन मोठे पुढचे स्पीकर मिळून त्याला जास्त अंग देतात.

दोन चॅनेल्सचे जुने सिनेमे, मालिका, बातम्या, सामन्यांचं प्रक्षेपण या सगळ्यांना मी डॉल्बी सराउंड लावतो. बोलणं सेंटरला घट्ट बसतं, त्यामुळे सोफ्याच्या टोकाला बसलेल्यालाही ते पडद्यातूनच येतंय असं वाटतं. स्टीरिओमध्ये ते जवळच्या स्पीकरकडे ओढलं जातं. सामन्यात प्रेक्षकांचा गलका मागे पसरतो आणि समालोचन पुढे राहतं.

गाण्यांसाठी: स्टीरिओ, डायरेक्ट की अपमिक्स?

संगीताची बहुतेक ध्वनिमुद्रणं दोन स्पीकरांसाठी घडवलेली असतात आणि दोन स्पीकरांवरच ती खुलतात. ‘स्टीरिओ’ मोडमध्ये पुढचे दोन आणि सबवूफर वाजतात, क्रॉसओव्हर (खर्ज सबवूफरकडे वळवणारी विभागणी) आणि खोलीची दुरुस्ती (ऑटो सेटअपने माइकवर मोजून केलेली) लागू राहते. ‘डायरेक्ट’ आणि ‘प्युअर डायरेक्ट’ यातलं बरंच काही बाजूला ठेवतात. टोन कंट्रोल बंद, बऱ्याच रिसीव्हरवर खोलीची दुरुस्ती आणि खर्जाचं वाटपही बंद. ‘प्युअर डायरेक्ट’ तर डिस्प्ले आणि व्हिडिओचे सर्किटही झोपवतो.

‘प्युअर’ या शब्दाची भुरळ पडते, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं. तुमचे पुढचे स्पीकर लहान असतील आणि ८० हर्ट्झच्या खालचं सगळं एरवी सबवूफर सांभाळत असेल, तर ‘डायरेक्ट’मध्ये सबवूफर गप्प होऊ शकतो आणि तो भार लहान स्पीकरांवर पडतो. बास गिटार बारीक होते, ढोल सपाट होतो. ऐकणारा म्हणतो, आवाज स्वच्छ झाला. प्रत्यक्षात खर्ज गेलेला असतो. मोठे, पूर्ण पल्ल्याचे स्पीकर आणि आवाज न घुमणारी खोली असेल तरच डायरेक्टचा खरा फायदा दिसतो. बाकी सगळ्यांसाठी साधा ‘स्टीरिओ’ अधिक चांगला, असं माझं ठाम मत आहे.

संगीतावर अपमिक्स लावायचाच असेल तर डॉल्बी सराउंडमधला ‘सेंटर स्प्रेड’ हा पर्याय चालू करा. एरवी गायक सेंटर स्पीकरमध्ये आकसतो आणि रंगमंच अरुंद होतो. स्प्रेडमुळे मधला आवाज डाव्या-उजव्यातही वाटला जातो आणि रुंदी टिकते. प्रो लॉजिक टूच्या म्युझिक प्रकारात हेच काम ‘सेंटर विड्थ’ करतं. प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष मुद्रित केलेल्या कार्यक्रमांना हे छान लागू पडतं, कारण सभागृहाचा घुमारा आणि टाळ्या मुद्रणातच असतात आणि अपमिक्सर त्याच मागे नेतो. स्टुडिओत थर चढवून केलेल्या गाण्यात मात्र एखादी कोरसची ओळ अचानक पाठीमागून येते आणि लक्ष उडतं.

सभागृहांचे मोड

यामाहाने १९८६ मध्ये डीएसपी-१ हे यंत्र आणलं, तेव्हा खऱ्या सभागृहांत मोजलेले प्रतिध्वनी घरात उभे करण्याची कल्पना नवी होती. आजचे हॉल आणि क्लबचे मोड त्याच धाटणीचे. अडचण अशी की चांगल्या मुद्रणात जागेचा घुमारा आधीच असतो. त्यावर दुसरा घुमारा चढला की शब्दांच्या कडा विरघळतात. सिनेमाला हे मोड लावू नका. अगदी कोरडं, जवळून केलेलं एकल वाद्याचं मुद्रण असेल तर लावून बघा, परिणामाची पातळी मेनूतून निम्म्यावर आणा, आणि दहा मिनिटांनी मोड बंद करून तीच जागा पुन्हा ऐका. बंद केल्यावर काही हरवल्यासारखं वाटलं नाही तर बंदच ठेवा.

संवाद कळत नाहीत म्हणून मोड बदलू नका

सुरुवातीची तक्रार ही होती. ५.१ मध्ये बहुतेक संवाद सेंटरमधून येतात, म्हणून आधी सेंटरची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवा. काही रिसीव्हरवर ‘डायलॉग लेव्हल’ असा वेगळा पर्याय असतो. सेंटर स्पीकर टीव्हीच्या खाली कपाटात आत ढकललेला असेल तर तो कडेपर्यंत पुढे ओढा आणि तोंड कानांकडे वळवा. याने कोणत्याही मोडपेक्षा जास्त फरक पडलेला मी अनुभवला आहे. रात्री हळू आवाजात बघायचं असेल तर ‘डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करा. तो कुजबुज वर उचलतो आणि स्फोट खाली दाबतो. सकाळी आठवणीने बंद करा, नाहीतर पुढचा सिनेमा निर्जीव वाटेल आणि कारण सापडणार नाही.

दोन मोडची तुलना

जास्त मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो, फरक अगदी एखाद-दुसऱ्या डेसिबलचा असला तरी. मल्टी चॅनेल स्टीरिओ पहिल्या झटक्यात आवडतो तो बराचसा याचमुळे: सगळे स्पीकर वाजतात म्हणून तो मोठा असतो. म्हणून मोड बदलल्यावर आधी व्हॉल्यूम सारखा करा. फोनवरचं ध्वनिपातळी मोजणारं ॲप या कामाला पुरेसं आहे, कारण आकडा अचूक नसला तरी दोन मोडमधला फरक कळतो.

ऐकायला दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे ठरवून ठेवा: एक शांत संवादाचा, एक गर्दीचा किंवा पावसाचा, एक एकट्या गायकाचा. पहिल्यात प्रत्येक शब्द पडद्यातून येतो का ते बघा. दुसऱ्यात मागचे स्पीकर वेगळे ‘दिसतात’ की खोलीत विरून जातात ते बघा. विरून जायला हवेत. तिसऱ्यात गायक एका जागी उभा आहे की नाही ते डोळे मिटून तपासा.

निवड लक्षात ठेवायला लावा

आजचे बरेच रिसीव्हर प्रत्येक इनपुटसाठी मोड वेगळा लक्षात ठेवतात, आणि काही तर एकाच इनपुटवर दोन चॅनेल्सच्या आणि बहुचॅनेल सिग्नलसाठीही वेगवेगळा. म्हणून मोड लावताना त्या प्रकारचा सिग्नल त्या क्षणी खरोखर वाजत असायला हवा. टीव्हीच्या इनपुटवर आधी बातम्या लावून डॉल्बी सराउंड निवडा, मग ५.१ चा सिनेमा लावून तुमच्या मांडणीला साजेसा मोड, मग ॲटमॉसचा कार्यक्रम लावून ॲटमॉस. गाणी त्याच टीव्हीवरून वाजवत असाल तर तीही दोन चॅनेल्सचीच असल्यामुळे बातम्यांचा मोड त्यांनाही लागेल. गाण्यांसाठी रिसीव्हरचं स्वतःचं नेटवर्क किंवा ब्लूटूथ इनपुट वापरा आणि तिथे ‘स्टीरिओ’ लावून ठेवा. रिमोटवर मूव्ही, म्युझिक, गेम अशी बटणं असतील तर प्रत्येक बटण त्या गटातला शेवटचा निवडलेला मोड पुन्हा आणतं, त्यामुळे कुणी सहज दाबून ‘जॅझ क्लब’ लावून गेलं असेल तर पुढच्या वेळी तोच येईल. रिसीव्हर रीसेट केला की ही सगळी आठवण पुसली जाते, म्हणून कोणत्या इनपुटला काय लावलं आहे त्याचा फोनमध्ये एक फोटो काढून ठेवा.